पाच आणे चार पै : एका ‘शिकमीदार’ नोंदीचे प्रकरण

गेवराई तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गाला लागून असलेल्या एका गावातले हे प्रकरण आहे. गाव, माणसे आणि क्षेत्र ओळखू येऊ नये म्हणून बदलले आहे. कायदा, कलमे आणि कालगणना जशीच्या तशी ठेवली आहे. २४ एकरांच्या एका सर्व्हे नंबरातून रस्त्याच्या चौपदरीकरणासाठी दीड एकर, म्हणजे ६० गुंठे गेले. मावेजाची, म्हणजे भरपाईची, नोटीस आली ती सातबारावर नाव असलेल्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशातल्या, चार भावांना. त्याच नंबरात रस्त्याच्या बाजूचे ८ एकर धाकटी पाती तीन पिढ्या कसते आहे. गेलेल्या ६० गुंठ्यांपैकी ३६ गुंठे त्यांच्या तुकड्यातले होते. तरी त्यांना ना नोटीस आली ना पैसे, कारण सातबारावर त्यांचे नाव नव्हते.

एकेकाळी नाव होते. ते खातेदाराच्या नव्हे, कुळाच्या रकान्यात होते. १९७४ च्या एका फेरफाराने तेही निघाले. फेरफारात एवढेच लिहिलेले, की कुळाने जमीन सोडली. प्रत्यक्षात कुणी काही सोडले नव्हते. बाजरी आणि तूर त्याच घरची, विहिरीवरची पाळी त्याच घरची. फेरफाराची नोटीस कुणाला बजावली, जबाब कुणी दिला, याचा कागद गावदप्तरात मिळाला नाही.

मावेजाचा वाद पेटल्यावर धाकट्या पातीच्या थोरल्या नातवाने घरातले जुने कागद काढले. त्यात १३४५ फसली या निजामी महसुली सालच्या पाहणीची, म्हणजे पीक-कब्जाच्या नोंदवहीची, उर्दू नक्कल निघाली. तालुक्याच्या गावी एका जाणकाराने ती वाचून दिली. पट्टेदार म्हणून थोरल्या पातीच्या पणजोबांचे नाव होते. त्याखाली मधल्या आणि धाकट्या भावाची नावे, आणि दोन्ही नावांआधी एक शब्द : शिकमीदार. जाणकाराने सांगितले, शिकमी म्हणजे कूळ. नातवाला तेवढे पुरले. “आमचा पणजा कूळ होता, निजामाच्या कागदावर होता, मंग आम्ही मालक कसे न्हाई?” असे म्हणत त्याने तहसीलमध्ये अर्जाची तयारी केली. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली आम्ही संरक्षित कूळ, कलम ३८ई प्रमाणे मालकी आमच्याकडे आलेली आहे, सबब नाव लावावे, असा त्याचा आशय. अर्ज टाकण्याआधी तो आणि त्याचा चुलता कागद घेऊन माझ्याकडे आले. मी वकील नाही. जुनी दप्तरे वाचतो आणि वकिलांना ती समजावून देतो.

अर्ज टाकू नका, असे मी म्हणालो. त्यामागचे कारण थोडे लांबून सांगावे लागेल.

फारसीत शिकम म्हणजे पोट. शिकमी म्हणजे पोटातला. हा शब्द मोगली महसुली व्यवहारातून देशभर पसरला, पण प्रत्येक मुलखाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. बंगालात ज्या तालुकदाराचा सारा थेट सरकारात जाई तो हुजुरी, आणि जमीनदाराच्या मार्फत जाई तो शिकमी. संयुक्त प्रांतात शिकमी काश्तकार म्हणजे कुळाचे कूळ, पोटकूळ. शिकमी म्हणजे कूळ, हा अर्थ आपल्याकडच्या शब्दकोशांत आणि वाचकांच्या डोक्यात बहुधा तिकडूनच आला. हैदराबाद संस्थानात मात्र तो शब्द कायद्याने दोन वेगळ्या माणसांना वाटून दिला होता, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ सालचा. त्याच्या कलम २ मध्ये व्याख्या आहेत. पट्टेदार म्हणजे सरकारला धारा, म्हणजे शेतसारा, देण्याची थेट जबाबदारी ज्याच्यावर आहे आणि ज्याचे नाव सरकारी दप्तरात तसे लागले आहे तो. मग जमीन तो स्वतः कसो की शिकमीदारामार्फत. शिकमीदार म्हणजे पट्टेदाराप्रमाणेच जमिनीवर हक्क असलेला, किंवा पहिल्यापासून पट्टेदाराबरोबर सामाईक कब्जात असलेला, किंवा आपल्या कब्जामुळे हक्क मिळवलेला. आणि तिसरा असामी शिकमी : पट्टेदाराकडून किंवा शिकमीदाराकडून जमीन कराराने लावून घेतलेला, म्हणजे आपण ज्याला कूळ म्हणतो तो. व्याख्येची रचनाच पाहा. असामी शिकमी हा शिकमीदाराच्याही हाताखाली असू शकतो. शिकमीदार स्वतःच कूळ असता, तर कायद्याने त्याला दुसऱ्याला जमीन लावून देणाऱ्यांत बसवले नसते.

मग शिकमीदार पोटात का? कारण सरकारला एका नंबराचा धारा एकाच्या अंगावर हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याच्या कारकिर्दीत, संस्थानाने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू केली. नंबर पडले, आकार ठरला, पट्टा लागला. घरात तीन भाऊ असले तरी पट्टा बहुधा थोरल्याच्या नावे. बाकीचे दोघे त्या पट्ट्याच्या पोटात गेले. आपल्याकडे पोटहिस्सा म्हणतात, पोटपट्टेदार म्हणतात, त्यातही हेच आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावाचे दप्तर काढा, असे पोटातले भाऊ डझनाने सापडतील.

आता धाकट्या पातीच्या नकलेकडे येऊ. जाणकाराने अक्षरे वाचली होती, पण नावांपुढची फराटेवजा खूण सोडून दिली होती. दोन्ही शिकमीदारांच्या नावांपुढे ती सारखीच होती. निजामी दप्तरात आकडे पुष्कळदा रकमेत, म्हणजे सियाक पद्धतीत लिहिलेले असतात. ती अक्षरे नसतात, अंकही नसतात, अरबी संख्यावाचक शब्दांचे मोडून बनवलेले आकार असतात. उर्दू उत्तम येणाऱ्यालाही ती सवयीशिवाय लागत नाहीत. ही खूण होती पाच आणे चार पैची. १६ आण्यांचा नंबर तीन भावांत वाटला, की प्रत्येकी ५ आणे ४ पै. २४ एकरांत ८ एकर.

कुळाच्या नावापुढे आणे-पै येत नाहीत. कुळापुढे येतो तो खंड, किंवा कौलाची मुदत, किंवा बटईचा वाटा : निम्मे, तिजाई. आण्यात मोजतात तो हिस्सा, आणि हिस्सा असतो तो मालकाचा. माझ्या मते या एका खुणेने या नोंदीचा अर्थ जवळजवळ लागला होता. पण जवळजवळ लागलेल्या अर्थावर न्यायालयात जाता येत नाही, म्हणून पुढचे कागद.

त्याआधी सालाचा एक मुद्दा, कारण इथे हमखास घोळ होतो. हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की जे इसवी साल येते, त्याच्या ऑक्टोबरात ते फसली साल सुरू होते. १३५३ फसलीचा पहिला दिवस, १ आजूर, म्हणजे ६ ऑक्टोबर १९४३. त्या हिशेबाने १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. उत्तरेकडची फसली वेगळी, तिच्यात ५९२-५९३ मिळवतात. मोबाइलवर शोधून साल काढणाऱ्यांना हा उत्तरेचाच आकडा मिळतो आणि ते दोन वर्षे पुढे जातात. कूळ कायद्यात दोन वर्षांनी हक्क येतो किंवा जातो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

कसा, ते नातवाच्या अर्जावरूनच दिसते. १९५० चा कायदा १० जून १९५० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणे संरक्षित कूळ होण्याचे तीन रस्ते होते. १३४२ ते १३५२ फसलीच्या आत सलग ६ वर्षे कूळ म्हणून जमीन धारण केलेली असावी. किंवा १ जानेवारी १९४८ च्या लगत आधीची ६ वर्षे. किंवा १३५३ फसलीच्या आरंभानंतर सुरू होऊन कायदा लागू होण्याआधी पुरी झालेली ६ वर्षे. पहिल्या रस्त्याची ही फसली साले हवेतून आलेली नाहीत. त्याआधी संस्थानाने १३५४ फसलीत, म्हणजे १९४४-४५ च्या सुमारास, खास असामी शिकमींसाठी एक कायदा केला होता. १९५० च्या कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणजे संरक्षण ज्याला द्यायचे होते तो असामी शिकमी. नुसता शिकमीदार या वाटेवर कुठेच उभा नव्हता. त्याला गरजही नव्हती. जो स्वतः हक्कदार त्याला भावापासून कुळाचे संरक्षण कशाला?

त्याच कायद्याचे कलम ५ तर अर्जदाराच्या मुळावरच येत होते. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाईल, पण तो जमीनधारकाच्या कुटुंबातला नसावा, पगारावरचा गडी नसावा, कब्जेगहाणदार नसावा. नातवाने ‘आम्ही कूळ’ म्हटले की थोरली पाती वंशावळ काढून दाखवणार : हे आमचे भाऊबंद, कूळ कसले? आणि तहसीलदाराने अर्ज फेटाळला की धाकट्या पातीच्याच सहीने एक कागद कायमचा होणार, ज्यात त्यांनी थोरल्या पातीला जमीनमालक म्हटले आहे. उद्या दिवाणी न्यायालयात हिस्सा मागायला गेले, की समोरच्या वकिलाच्या हातात पहिला कागद तो असेल.

नातवाला हे पटेना. त्याचे म्हणणे साधे होते, आणि खोटेही नव्हते : मराठवाड्यात कूळ कायद्याने कैक घरे उभी राहिली, आमच्याच शिवारात अमुक अमुक कूळ होते ते मालक झाले, मग आम्हीच का ते दार सोडायचे? चुलता गप्प होता. त्याला वेगळीच चिंता होती, ती नंतर कळली. हिस्सा मागायचा म्हणजे भाऊबंदाला कोर्टात ओढायचे, आणि थोरल्या पातीच्या घरात त्याची मुलगी दिलेली होती. एकाच आडनावाच्या पात्यांत सोयरीक होत नाही, हे खरे. ती दिलेली होती थोरल्या पातीच्या जावयाच्या भावाला. पण गावात तेवढेही पुरते.

मी त्यांना तीन गोष्टी मिळवायला सांगितल्या. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चे खासरा पत्रक (नंबरवार कब्जाची नोंद) आणि त्या नंबराची संरक्षित कुळांची अंतिम यादी. घरातल्या धाऱ्याच्या जुन्या पावत्या. आणि दुय्यम निबंधकाकडे त्या नंबरावर १९४८ नंतर झालेले सगळे नोंदणीकृत दस्त. तिसरी गोष्ट त्यांना अनाठायी वाटली, कारण त्यांनी काही विकले नव्हते. पण मधल्या भावाच्या पातीचे काय झाले, हे कोणी सांगत नव्हते. पाहणीत तिघे भाऊ होते आणि आज वाद दोघांत होता.

कागद आले तसे चित्र असे उलगडले.

संरक्षित कुळांच्या यादीत धाकट्या पातीच्या आजोबांचे नाव नव्हते, मधल्या पातीचेही नव्हते. अर्ज टाकायला निघालेल्या नातवाला हा धक्का होता, पण मला तो अनुकूल पुरावा वाटला. १३४५ फसलीत जो असामी शिकमी असता आणि पुढेही कसत राहिला असता, तो १९५१ च्या सुमाराच्या यादीत यायला हवा होता. त्याच गावातली दुसऱ्या नंबरांवरची कुळे यादीत आहेत. यादी करणारा या गावात आला होता, त्याने चौकशी केली होती, आणि या दोन भावांना त्याने कूळ धरले नाही.

पावत्या सहा निघाल्या. दोन हाली सिक्क्यातल्या, म्हणजे निजामी चलनातल्या, बाकी पुढच्या. पटवाऱ्याने धाऱ्याचा तिसरा हिस्सा धाकट्या आजोबांच्या नावे घेतलेला. कूळ धारा भरू शकते, भरतही असे, तेव्हा एकट्या पावतीवरून काही सिद्ध होत नाही. पण रक्कम नेमका तिसरा हिस्सा असणे, आणि दर वेळी तेवढीच असणे, हे आण्यांशी जुळते.

खासरा पत्रकात नावे पूर्वीप्रमाणेच. घसरण झाली ती त्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. हळूहळू दप्तराचा नमुना बदलला. पाहणी पत्रकाच्या जागी सातबारा आला. त्यात खातेदाराचा रकाना होता, कुळाचा होता, इतर हक्कांचा होता. शिकमीदाराचा रकाना नव्हता. उर्दूतून मराठीत, एका नमुन्यातून दुसऱ्यात नावे उतरवताना तलाठ्याने या दोघांना कुठे तरी घालायचे होते. ‘शिकमी’ एवढेच दिसले आणि त्याने ती नावे कुळाच्या रकान्यात घातली, साधे कूळ म्हणून. यात कुणाचा कावा होता असे मला वाटत नाही. शेजारच्या गावांची दप्तरे पाहिली तर कुठे असे शिकमीदार इतर हक्कात गेले, कुठे खातेदारांत सामाईक म्हणून लागले, कुठे गळूनच पडले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि १३१७ फसलीचा कायदा गेला, तेव्हा तो शब्दच दप्तरातून उठला. हक्क उठला नाही. जुन्या कायद्याखाली मिळालेले हक्क कायदा रद्द झाल्याने आपोआप मरत नाहीत. पण कुळाच्या रकान्यात बसवलेल्या माणसाचे नाव ‘कूळ कमी’ म्हणून काढणे सोपे होते, आणि १९७४ मध्ये ते काढले गेले.

समजा ते खरेच कूळ असते, तरीही हा फेरफार टिकण्यासारखा नव्हता. कलम १९ प्रमाणे कुळाने जमीन सोडायची तर ती लेखी सोडावी लागते, तहसीलदारासमोर कबूल करावी लागते, आणि ती सचोटीने, खुशीने सोडली आहे अशी तहसीलदाराची खात्री व्हावी लागते. तलाठ्याने परस्पर नाव कमी केले म्हणजे कूळहक्क संपत नाही. हा मुद्दा नातवाला फार आवडला आणि तो पुन्हा कूळ-अर्जाकडे वळला. त्याला पुन्हा थांबवावे लागले.

आणि मग दुय्यम निबंधकाकडची नक्कल आली. १९६२ चे खरेदीखत. मधल्या पातीने आपला ५ आणे ४ पैचा हिस्सा थोरल्या पातीला विकला होता. देणाराने स्वतःला शिकमीदार हिस्सेदार म्हटले आहे, हिस्सा आण्यांत दिला आहे, चतुःसीमा दिली आहे, आणि त्या चतुःसीमेत रस्त्याच्या बाजूला धाकट्या भावाचा हिस्सा असे लिहिले आहे. घेणारा म्हणून सही आहे थोरल्या पातीच्या आजोबांची.

हा दस्त हाती आल्यावर शिकमीदार शब्दाचा अर्थ काय, हा वाद माझ्या लेखी मिटला. स्वतःच्या कुळाकडून स्वतःचीच जमीन मोबदला मोजून, नोंदणी फी भरून खरेदी करणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. त्यांच्या आजोबांना १९६२ मध्ये शब्द पक्का कळत होता : शिकमीदार म्हणजे ज्याच्याकडून विकत घ्यावे लागते तो. शिवाय धाकट्याच्या हिश्श्याची सीमा त्यांनी त्याच कागदात मान्य केली होती. व्याख्येतले तीन पर्याय आठवा : पट्टेदाराप्रमाणे हक्क, पहिल्यापासून सामाईक कब्जा, कब्जाने मिळवलेला हक्क. तिसऱ्यावर अवलंबून राहायची वेळ या घरावर आलीच नाही. ती ज्यांच्यावर येते, म्हणजे जिथे नाते नाही, आणे नाहीत, फक्त लांबचा कब्जा आहे, त्यांची प्रकरणे फार कठीण असतात, आणि तिथे मी इतक्या छातीठोकपणे बोलणार नाही.

आता कुठल्या दारात जायचे हा प्रश्न उरला.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मध्ये याची वाट कलम ३एच मध्ये आहे. मावेजा कुणाला किती, यावर वाद झाला तर सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे संपादन करणाऱ्या अधिकाऱ्याने, तो स्वतः सोडवत बसू नये; जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा. धाकट्या पातीने कूळ-अर्ज बाजूला ठेवला आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत घातली : आम्ही सहहिस्सेदार, रक्कम वाटू नये, वाद न्यायालयाकडे पाठवावा. सोबत पाहणीची नक्कल, सियाक खुणेच्या वाचनासह अधिकृत भाषांतर, पावत्या आणि १९६२ चे खरेदीखत. रक्कम अडली. नुसती तहसीलात धाव घेतली असती तर तोवर वाटून झाली असती. जोडीला दिवाणी न्यायालयात हिस्सा ठरवून वाटप मागणारा दावा लागला.

थोरल्या पातीचे उत्तर वाचण्यासारखे होते. त्यांनी लिहिले, की शिकमी म्हणजे कूळ हे सर्वश्रुत आहे. वादीचे पूर्वज आमचे कूळ होते. १९७४ मध्ये त्यांनी जमीन सोडली. त्यानंतरचा कब्जा आमच्या परवानगीचा. पन्नासच्या दशकात मराठवाड्यातला कोणताही पट्टेदार ‘हा माझा कूळ नाही’ हे सिद्ध करण्यासाठी धडपडत होता. सत्तर वर्षांनी त्याच घराण्याचे वारस ‘हा आमचा कूळच होता’ म्हणून शपथेवर सांगत होते. नातवाने हे वाचले आणि अर्ज का टाकायचा नव्हता ते त्याला न सांगता कळले.

या उत्तरात एक फास होता. कूळ कायद्याच्या कलम ९९ ने कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, आणि कलम ९९ए सांगते, की असा मुद्दा दाव्यात निघाला तर दावा थांबवून तो महसुली अधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवावा. तसे झाले की तहसीलदार, मग अपील, मग महसूल न्यायाधिकरण. दशक सहज जाते. धाकट्या पातीच्या वकिलांनी यावर घेतलेली भूमिका मला योग्य वाटली. ते म्हणाले, आम्ही कूळहक्क मागतच नाही, आणि प्रतिवादीही आज कूळ अस्तित्वात आहे असे म्हणत नाहीत, ते संपले म्हणतात. खरा मुद्दा १३४५ फसलीच्या नोंदीतल्या व्यक्तीला मालकी हिस्सा होता की नाही, हा आहे. तो मालकीचा मुद्दा आहे, आणि मालकी दिवाणी न्यायालयच ठरवते. यावर न्यायालयाने काय म्हटले असते ते सांगता येत नाही, कारण त्या टप्प्याआधीच प्रकरण वळले.

वळले ते खरेदीखतामुळे. उत्तर देताना थोरल्या पातीच्या वकिलांकडे हा दस्त नव्हता असे दिसते. तो हजर झाल्यावर त्यांच्यापुढे पेच होता. शिकमीदाराला विकायचा हक्क नव्हता म्हणावे, तर मधल्या पातीचे ८ एकर त्यांनी कशाच्या जोरावर घेतले? हक्क होता म्हणावे, तर धाकट्यालाही तोच हक्क. सातबारावरच्या नोंदीचे संहितेच्या कलम १५७ खालचे अनुमानही त्यांना फार पुढे नेत नव्हते, कारण ते अनुमान उलट पुरावा येईपर्यंतच टिकते, आणि महसुली नोंद मालकी देत नाही, हे न्यायालयांनी कित्येकदा सांगितले आहे. मुदतीचा बचावही लंगडा होता. सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने समजला जातो. हक्क उघडपणे नाकारून बाहेर काढल्याशिवाय मुदत धावू लागत नाही. इथे तर धाकटी पाती स्वतःच कब्जात बसलेली.

मात्र धाकट्या पातीचीही एक दुखरी बाजू होती. नंबर मोजणीने कधी वाटलेला नव्हता. कायद्याच्या काटेकोर भाषेत, वाटप होईपर्यंत प्रत्येक हिस्सेदाराचा हिस्सा प्रत्येक गुंठ्यात असतो. त्या हिशेबाने ६० गुंठ्यांच्या मावेजात त्यांचा वाटा तिसरा, म्हणजे २० गुंठ्यांचा. प्रत्यक्षात तुकडा मात्र ३६ गुंठ्यांनी खाल्ला गेला होता. थोरल्या पातीने नेमके इथेच बोट ठेवले. सामाईक म्हणता ना, मग घ्या तिसरा हिस्सा.

तडजोड झाली ती या आकड्यावर, लोकअदालतीत. सूत्र चुलत्याने मांडले आणि ते कुठल्याही कलमापेक्षा सरळ होते : ज्याच्या वावरातून रस्ता गेला, पैसे त्याचे, आणि तेवढे क्षेत्र त्याच्याच हिश्शातून वजा. म्हणजे धाकट्या पातीला ३६ गुंठ्यांचा मावेजा आणि त्यांच्या ८ एकरांतून ते ३६ गुंठे गेलेले धरून ७ एकर ४ गुंठे. थोरल्या पातीला २४ गुंठ्यांचा मावेजा आणि, मधल्या पातीचे विकत घेतलेले धरून, १५ एकर १६ गुंठे. विहीर सामाईक, पाळी पूर्वीसारखी. वहिवाट दोन्ही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलीच होती. त्यामुळे मोजणीत बांध हलवावा लागला नाही, फक्त खुणा रोवल्या गेल्या.

हुकूमनामा घेऊन फेरफाराला गेल्यावर नवीन अडचण निघाली, आणि ती जुन्या शब्दाशी संबंधित नव्हती. दाव्यात वादी म्हणून फक्त पुरुष होते. धाकट्या आजोबांच्या दोन लेकी, नातवाच्या आत्या, एक अंबडला आणि एक परळीला, त्यांना कुणी विचारले नव्हते. फेरफाराची नोटीस लागल्यावर परळीच्या आत्याने १५ दिवसांच्या आत हरकत घातली. घरातल्यांनी हक्कसोडपत्राचा कागद पाठवला, तो तिने परत पाठवला. तिचे म्हणणे असे, की बाप पोटात होता म्हणून पन्नास वर्षे तुम्ही ओरडलात, आता मला पोटात घालू नका. तिच्या नावासकट फेरफार मंजूर व्हावा असे मी चुलत्याला सांगितले आहे. अंबडच्या आत्याने अजून काही कळवलेले नाही, आणि मंडळ अधिकाऱ्यासमोरची सुनावणी चालू आहे.